मोहरीची राख

वामन, तुझ्या विद्यार्थ्यांनी तुझ्या आठवणींची पुस्तिका काढायचं ठरवलं आहे. त्यांच्यातली एक मुलगी परवा शेतावर आली. मोबाईल पुढे धरून म्हणाली, "आजी, तुम्ही सरांची मोठी बहीण. नुसतं बोला, मी लिहून घेते. सरांच्या लहानपणच्या गमती सांगा." मी म्हटलं, "मले लिहिता येते. कागद ठेव अन् जा." बिचारी ओशाळली. मुलगी चांगली आहे. पण कागद तिनं एकच ठेवला. म्हातारीला एवढा पुरेल असं तिला वाटलं असणार.

तो कागद मी बाजूला ठेवला आणि वही घेतली. गमती मी लिहिणार नाही. तू लहानपणी गमतीचा नव्हतासच, रडका होतास. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती तू असताना सांगायला हवी होती. तुला आता ऐकू जाणार नाही हे मला कळतं. पण ज्या सरकारी ऑफिसानं तुझं काम बंद केलं तिथंही ही पुस्तिका जाईल. तिथल्या फाईलमध्ये तुझ्या कामाबद्दल जे लिहून ठेवलं आहे ते खोटं आहे, आणि ते माझ्यामुळे खोटं आहे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझा फोटो टेबलावर होता, पुढे मेणबत्त्या, पांढरी फुलं. त्रिशरण झालं, मग भाषणं झाली. ज्या साहेबानं तुझं काम बंद केलं तोही आला होता. माईकवर म्हणाला, "सरांनी मातीवर आईसारखं प्रेम केलं." तू मातीवर कधी प्रेम केलेलं मला तरी दिसलं नाही. तू तिला पिशवीत भरायचास, वर नंबर टाकायचास आणि मोजायला न्यायचास. मला पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं. "ताईंनी दोन शब्द बोलावे," असं कोणीतरी म्हणालं. मी मान हलवून नाही म्हटलं. लोकांना वाटलं, दुःखानं शब्द फुटत नाहीत. दुःख होतंच. पण मी बोलले नाही ते तो साहेब समोर बसला होता म्हणून. त्याच्यासमोर मी याआधीही एकदा गप्प बसले होते.

ते काय होतं ते कळायला शेतापासून सांगावं लागेल.

नागपूरहून कळमेश्वरकडे जाताना आत वळलं की नाल्याकाठी आपलं दीड एकर. बाबानं मिलमध्ये हाडं झिजवून घेतलेलं. तू शिकलास, शहरात कॉलेजात मास्तर झालास, झाडंझुडपं शिकवायला लागलास. मी शेत धरून राहिले. पालक, मेथी, मुळा, वांगी, सांभार-कोथिंबीर. शेताच्या वरच्या बांधाला लागून जुन्या बॅटऱ्या फोडायची भट्टी आली. बॅटरी फोडायची, आतलं शिसं वितळवायचं, त्याच्या विटा पाडायच्या आणि उरलेलं काळं पाणी उताराला सोडून द्यायचं. उतार आपल्याकडे होता. मी दोनदा भांडायला गेले. तो मालक म्हणायचा, "मौसी, पानीही तो है." मग एक दिवस त्यानं टिनं उतरवली, ट्रकमध्ये घातली आणि निघून गेला. भट्टी गेली म्हणून मी जुड्या बांधता बांधता हसले होते, ते तुला माहीत नाही.

त्यानंतर माझ्या तीन शेळ्या गेल्या. आधी त्यांना दिसेनासं झालं, मग भिंतीला डोकं लावून उभ्या राहायच्या, दाबत राहायच्या, जशी काही भिंत सरकवायची आहे. मी तुला फोनवर सहज सांगितलं. तू त्याच दिवशी बस धरून आलास. शेळीकडे पाहिलंस, भट्टीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलंस, आणि बांधापासून विहिरीपर्यंत जागोजागची माती पिशव्यांत भरलीस. जेवलाही नाहीस.

पंधरा दिवसांनी आलास तो कागद घेऊन. म्हणालास, "बाई, मातीत शिसं आहे. भल्ली जास्त आहे. इथची भाजी बंद."

"बंद म्हंजे?"

"खायची नाही, विकायची नाही."

"अन् आजवर विकली थे?"

तू कागदाची घडी घातलीस. मी परत विचारलं, "सांग ना गा. इतके वर्षं मी लोकाइच्या पोरायले काय चारलं? त्या शाळेतल्या बाई दर शुक्रवारी माह्या हातचा पालक नेत. त्याइच्या घरी लेकरू आहे. त्याले काय चारलं म्या?"

तू म्हणालास, "तुले माहीत नव्हतं ना वं."

मी उत्तर मागितलं होतं, तू मला माफी दिलीस. ती मी मागितली नव्हती. हे भांडण आपलं तिथंच राहिलं. पुढे जेव्हा जेव्हा मी तो विषय काढला, तू पाणी पिऊन आलो म्हणून उठलास. तुझी ती खोड मला माहीत होती. जे सांगायला जड, ते तू सांगायचाच नाहीस. पण ती खोड किती खोल गेली आहे हे मला तू गेल्यावर कळलं.

मग तू मोहरीचं डोक्यात घेतलंस. ऑफिसाकडून मंजुरी आणलीस, कागदावर माझा अंगठा नको, सही पाहिजे म्हणून हट्टानं सही घेतलीस. शेतात बसून मला समजावलंस की मोहरी मुळानं शिसं ओढते, थोडं वर कांडात-पानात नेऊन ठेवते, मग रोपटं कापून दूर नेऊन टाकायचं, पुन्हा पेरायचं, पुन्हा कापायचं.

मी म्हटलं, "म्हंजे झाडू मारते थे."

"हाव, झाडूच म्हण."

"किती वर्षं मारायचा झाडू?"

"आपल्या दोघाइच्या आयुष्यात पुरा होत नाही."

"मंग कायले करून राहिला?"

"मंग कोण करन वं?" असं म्हणून तू हसलास. सगळ्या नागपुरात तुझ्याइतका मूर्ख शिकलेला माणूस मी पाहिला नाही. पण नांगर धरला मीच, हे लक्षात ठेव.

बांधावर तू टिनाचा बोर्ड लावलास. पांढऱ्यावर लाल अक्षरं. "या शेतातील पाला खाऊ नये. जनावरांना घालू नये." दोन ओळी. लावून झाल्यावर तू त्या मला मोठ्यानं वाचून दाखवल्यास, आणि परत एकदा वाचून दाखवल्यास.

"मले वाचता येते, वामन."

"माहीत आहे वं बाई."

"तुले कोणं शिकवलं?"

"तूच."

मीच. मी चौथी झाले त्या वर्षी तू झालास. आई रोजीला जायची, तुला पाहायला कोणी नव्हतं, म्हणून माझी शाळा सुटली. पाटी घरात होती ती फुटली. मग मी चुलीतली राख चाळायची, थाळीत पसरायची आणि तुझं बोट धरून त्यात अ काढायची. थाळी हलवली की अ पुसला जायचा, मग नवा अ. तू राख तोंडात घालायचास. त्यावरून मी तुला चापट्या मारल्या आहेत. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तूही सांगितलं नसशील. लोकांना सांगताना तू म्हणायचास, "माझ्या बहिणीनं माझ्यासाठी शिक्षण सोडलं." मला ते वाक्य कधी आवडलं नाही. मी सोडलं नाही, माझ्याकडून सोडवलं. सोडवणारे आपलेच आईबाप होते आणि त्यांचाही इलाज नव्हता. पण तू त्याला त्याग म्हणून मोकळा झालास.

असो. बोर्डाचं सांगत होते.

त्या बोर्डावरच्या दोन ओळी मी तंतोतंत पाळल्या. मोहरी आली तेव्हा काय पिवळं झालं होतं शेत. वस्तीतल्या बाया सरसोची भाजी म्हणून खुडायला यायच्या. मी काठी घेऊन बांधावर बसायची. एकीनं मला तोंडावर म्हटलं, "म्हातारीले चार पानं जड होऊन राहिले." मी शिव्या खाल्ल्या, पण पान खुडू दिलं नाही. कोणाची बकरी आत येऊ दिली नाही. पहिल्या वर्षी ऑफिसाचा टेम्पो आला, तोंडाला फडकी बांधलेली माणसं आली, कापलेली मोहरी पोत्यांत भरून घेऊन गेली. कुठं नेली विचारलं तर तू म्हणालास, विषारी कचरा पुरायची एक जागा असते तिथं. मला बरं वाटलं. पहिल्यांदाच असं वाटलं की शेतातून काहीतरी जातं आहे आणि ते जायलाच पाहिजे होतं.

दुसऱ्या वर्षी टेम्पो आला नाही.

ही गोष्ट त्या साहेबानं नीट वाचावी. मोहरी कापून झाली. भारे बांधून घराच्या भिंतीशी उभे केले. तू फोन करत राहिलास. "पुढच्या आठवड्यात" म्हणाले. तो आठवडा गेला. मग गाडीचं डिझेल मंजूर नाही म्हणाले. मग ज्याची सही पाहिजे तो रजेवर गेला. भारे वाळून कडकडीत झाले. उन्हाळा संपत आला, ढग यायला लागले. आणि माझा सिलिंडर संपला.

वामन, तुला वाळलेल्या मोहरीचं कांड माहीत आहे, पण तू ते चुलीत कधी घातलेलं नाहीस. ते कापसाच्या पऱ्हाटीपेक्षा लवकर पेटतं, धूर कमी करतं. सरपणाचा ढीग भिंतीशी पडून सडताना पाहणं मला जमत नाही. आयुष्यभर मी वाळकं पान वाया घालवलं नाही. बोर्डावर काय लिहिलं होतं? खाऊ नये, जनावरांना घालू नये. मी खाल्लं नाही. घातलं नाही. मी जाळलं.

आणि जाळलं म्हणजे राख झाली. राखेचं काय करतात हे आपल्याकडच्या बाईला विचारावं लागत नाही. अर्ध्या राखेनं मी भांडी घासली. उरलेली नेऊन घरामागच्या वाफ्यात टाकली. वांग्यावर मावा पडला होता. मावा पडला की राख भुरकायची, आई करायची, मीही केलं. तो वाफा घराच्या मागे, उंचावर, भट्टीच्या पाण्यापासून दूर. त्याची माती तू आधीच तपासून चांगली म्हणाला होतास. मला तिथं भाजी लावायची मोकळीक दिली होतीस, आणि तुझ्या हिशेबातही तीच "चांगली माती" होती. बिघडलेल्या मातीची तुलना तू तिच्याशी करायचास. ते मला माहीत होतं. पण शिसं राखेत उरतं, हे माहीत नव्हतं. मला वाटायचं, जळलं म्हणजे संपलं. माणूसही आपण जाळतो ते त्याच हिशेबानं.

मग साहेब आले. दोन गाड्या, चार माणसं. तू त्यांच्या पुढेपुढे करत होतास, ते मला बघवत नव्हतं. मी चुलीवर चहा ठेवला. आत मोहरीची कांडंच जळत होती. साहेब अंगणात उभे राहून मातीच्या नव्या तपासणीचा कागद वाचत होते. पुण्यानुमोदनाला माईकवर बोलला तोच म्हणाला, "सर, हे कसं? तुमची चांगली माती खराब झाली, आणि खराब मातीत म्हणावा तसा फरक नाही. मग ही झाडं करतात काय?" दुसरा हसला. म्हणाला, "शिसं उडी मारून वर गेलं वाटतं."

तेव्हा मला कळलं. चहाचं भांडं हातात होतं, पुढ्यात चूल होती. घरामागच्या वाफ्यात काय गेलं ते माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. "साहेब, राख म्या टाकली." एवढंच.

मी बोलले नाही. का ते लिहिते. मला भीती वाटली नाही. मला कोणी फाशी देणार नव्हतं. त्या चार पँटवाल्यांसमोर मला अडाणी ठरायचं नव्हतं. ते एकमेकांकडे पाहून हसले असते आणि म्हणाले असते, "अशा लोकांच्या हाती काम दिलं की असंच होणार." हे ऐकायचं नव्हतं, म्हणून मी कप भरत राहिले.

आणि तू म्हणालास, "नमुन्यांच्या पिशव्यांची अदलाबदल झाली असावी. चूक माझी आहे."

मला वाटलं, तुला खरंच तसं वाटतं. मला वाटलं, बरं झालं, निभावलं. साहेबांनी चहा प्यायला, "छान आहे चहा, आजी," म्हणाले आणि गेले. महिन्याभरानं पत्र आलं. काम बंद. या मातीत या पद्धतीचा उपयोग दिसत नाही, आणि काम करणाऱ्याचा निष्काळजीपणा. तो शब्द मी तुझ्या पत्रात स्वतः वाचला. निष्काळजीपणा. जो माणूस मातीच्या पिशवीवर तीन ठिकाणी नंबर टाकायचा, त्याच्या नावापुढे.

साहेब गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी तू सिलिंडर घेऊन आलास. ऑटोतून उतरवलास, स्वतः ढकलत आत आणलास. म्हणालास, "चुलीचा धूर तुह्या डोळ्याले चांगला नाही वं." मी म्हटलं, "साठ वर्षं चांगला होता काय?" तू ऐकलं नाहीस. उरलेले भारे ऑटोत भरलेस. चुलीतली राख खरवडून डब्यात घातलीस. मग फावडं घेऊन घरामागच्या वाफ्यातली वरची वीतभर माती उपसलीस, वांग्यांसकट, आणि पोत्यांत भरलीस.

"एवढा मोठा नमुना?" मी म्हटलं.

"मोठाच लागते या वेळी."

"माही वांगी काहून उपटली गा?"

"कीड आहे त्याच्यावर."

"राख टाकली ना म्या."

हे मी म्हटलं, वामन. माझ्या तोंडून निघून गेलं. तू फावडं मारत राहिलास. वर पाहिलं नाहीस. मी थांबले, तू काही म्हणशील म्हणून. तू म्हणालास, "पाणी दे वं बाई."

जुनी भांडी कल्हई गेली म्हणून घेऊन गेलास, नवी आणलीस. मला दवाखान्यात नेलंस, रक्त काढायला लावलंस. शुगर पाहायची म्हणालास. आठ दिवसांनी फोन करून सांगितलंस, "शुगर चांगली आहे." मी वस्तीभर सांगत फिरले की या वयात माझी शुगर चांगली आहे.

कार्तिकात तू परत मोहरीचं बी घेऊन आलास. ऑफिस नाही, मंजुरी नाही, मजूर नाही. तू आणि मी. आपलं शेवटचं भांडण तेच. मी म्हटलं, "बंद कर हे खूळ. आता मोजालेही कोणी येत नाही."

"मोजाले मी आहे ना."

"तू काय मोजतं? तुले पिशव्या सांभाळता येत नाही म्हणते सरकार."

हे मी तुला म्हटलं. माझ्या चुकीचा टोमणा मी तुला मारला, आणि तू दोरी धरून सरी आखत राहिलास. नंतर फोनवर तेवढं बोलणं व्हायचं. फुलं आली का. शेंगा भरल्या का. "मी आलो की कापू, तू हात लावू नको." मग एक दिवस सुमनचा फोन आला, तू गेलास म्हणून.

सुमननं, तुझ्या बायकोनं, मागच्या आठवड्यात तुझी वही आणून दिली. "ह्यात तुमच्या शेताचंच आहे ताई, मी ठेवून काय करू," म्हणाली. ती गेल्यावर मी वाचली. तुझं अक्षर अजून तसंच आहे, अ चं पोट फुगलेलं. साहेब आले त्या दिवशीच्या पानावर तू लिहिलं आहेस: "चुलीत मोहरीची कांडे पाहिली. वाफ्यात राख. बाईला विचारले नाही. चूक माझी. खाऊ नये सांगितले, घालू नये सांगितले, जाळू नये सांगायचे राहिले." खाली आकडे आहेत, ते मला कळत नाहीत. त्याच्या पुढच्या पानावर: "बाईचे रक्त पाहिले. शिसे आहे, काळजीचे नाही. तिला सांगू नये." आणि आणखी पुढे, बांधाजवळच्या खराब मातीबद्दल: "थोडे कमी होत आहे." थोडे या शब्दाखाली तू दोन रेघा मारल्या आहेत.

म्हणजे तुला माहीत होतं. साहेबांसमोर पिशव्यांची अदलाबदल म्हणालास तेव्हाही माहीत होतं. चहा पितानाही.

लोक म्हणतील, किती मोठं मन. ही पुस्तिका वाचून कोणी तसं म्हणत असेल तर त्यानं म्हणू नये. मला राग आला आहे, वामन. मी ती वही दोनदा भिंतीवर फेकली. तू मला शिव्या द्यायला हव्या होत्यास. "बाई, काय करून बसली तू," म्हणून ओरडायला हवं होतं. मी उलटून ओरडले असते, बोर्डावर तिसरी ओळ का नाही म्हणून विचारलं असतं, टेम्पो का नाही म्हणून विचारलं असतं, आणि मग आपण दोघं ऑफिसात जाऊन त्या साहेबाच्या टेबलावर राखेचा डबा ठेवला असता. काम वाचलं असतं. तू मला त्यातलं काहीच करू दिलं नाहीस. साहेब मला अडाणी म्हणतील म्हणून मी गप्प बसले. तू माझी अब्रू झाकायला गप्प बसलास, म्हणजे तूही मला तेच समजलास. समोरासमोर खरं ऐकायची माझी ताकद नाही असं तू कधी ठरवलंस? थाळीतली राख खाल्ली म्हणून मी तुला चापट मारायची. तेवढी तरी तू मला मारायची होतीस.

सिलिंडर आणलास त्याबद्दल मी तेव्हा तुला चार शब्द ऐकवले होते. ते मागे घेते. बाकीचं घेत नाही.

आता साहेबासाठी लिहिते, आणि त्याच्या फाईलसाठी. पिशव्यांची अदलाबदल झाली नव्हती. चांगली माती राखेनं खराब झाली. राख मोहरीची होती आणि ती मी टाकली, शेवंता, वामनची मोठी बहीण. मोहरीनं शिसं ओढलं होतं म्हणूनच ते राखेत होतं. झाडं काय करतात असं तुम्ही विचारलं होतं, ते हे करतात. कांडं भिंतीशी पडली कारण तुमचा टेम्पो आला नाही. निष्काळजी कोण ते तुमचं तुम्ही पाहा, पण वामनच्या नावापुढचा शब्द खोडा. वही माझ्याकडे आहे. कोणी आलं तर दाखवीन, देणार नाही.

मोहरी मी कापली, वामन. तू हात लावू नको म्हणाला होतास, पण तू काही येणार नव्हतास. तोंडाला फडकं बांधून, चार दिवस, एकटीनं. सतरा पोती झाली. दाण्यासकट भरली, एक शेंग ठेवली नाही. ओट्यावर ताडपत्री घालून ठेवली आहेत. ऑफिसात फोन केला तर तिकडून पोरगी म्हणाली, "आजी, तो प्रोजेक्ट बंद झाला."

मी म्हटलं, "प्रोजेक्ट बंद झाला बाप्पा, पोते ओट्यावर आहे. थे कधी उचलता?"

"साहेबांना विचारून सांगते."

अजून विचारते आहे. मी दर सोमवारी फोन करते. सिलिंडर काल संपला. आज शेजारणीकडे भाकर थापून आले. तिनं ताडपत्रीकडे बोट दाखवून विचारलंच, "घरात एवढं सरपण असून?"

तुझा लाल रंगाचा डबा कोठीत सापडला. वर साय धरली होती, ती काडीनं फोडली. निंबाची काडी चावून कुंचला केला आणि बोर्डाखाली उभी राहिले. तुझ्या दोन ओळींखाली जागा थोडीच उरली होती. तिथं लिहिलं, "जाळू नये." अक्षर वाकडं आलं, य खाली उतरला. पण रस्त्यावरून वाचता येतं, मी जाऊन पाहिलं.